नोटांची रांग नागपूरच्या पुढे
एक हजार कोटी रुपये! २०१३च्या अर्थसंकल्पात केंद्राने महिला सुरक्षेच्या निर्भया निधीसाठी हा आकडा जाहीर केला. केवढा मोठा? पाचशेची नोट घ्या, लांबी १५ सेंटिमीटर. हजार कोटींच्या होतात दोन कोटी नोटा. आता मुंबई-पुणे रुळांच्या कडेने एकीला एक लावत निघू. १९२ किलोमीटरवर पुणे आलं, नोटा शिल्लक. मागे फिरलो, मुंबई आली, नोटा शिल्लकच! अशा सात फेऱ्या पूर्ण करा, आठव्यांदा पुणे गाठा, परतीला लागून घाट उतरा. बदलापूर जवळ आलं की कुठे शेवटची नोट पडते. तीन हजार किलोमीटर!

आणि हीच रक्कम २०११च्या जनगणनेतल्या देशभरच्या बायकांमध्ये वाटली तर? प्रत्येकीला १७ रुपये.

निधीतून मदतकेंद्रं, हेल्पलाइन, कॅमेरे असं बरंच काही उभं करायचं होतं. गुन्ह्याची झळ बसलेल्यांच्या भरपाईसाठी राज्यांना जोड म्हणून त्यातले २०० कोटी निघाले, तेही एकदाच. पूर्ण देशासाठी! महाराष्ट्राच्या पदरात पडले १७ कोटी ६५ लाख. नोटा अंथरल्या तर ५३ किलोमीटर. भंडाऱ्याहून नागपूरला निघालेल्या माणसाला शहर गाठण्याआधीच रस्ता उघडा दिसेल.

भरपाईचा खरा भार राज्याच्या तिजोरीवरच आहे, आणि तसा तो असायलाही हवा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७-अ ३१ डिसेंबर २००९ला लागू झालं. पीडितांच्या भरपाईसाठी प्रत्येक राज्याने योजना करून पैसा ठेवावा, असं ते सांगत होतं; २०२४पासून नव्या संहितेतही तेच आहे. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती अर्ज करू शकते. मला या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ची. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिडहल्ला यांत ती मदत करते. कमाल मदत आधी तीन लाख होती, २०१७ अखेर ती दहा लाखांवर गेली. दहा लाख सरसकट मिळत नाहीत, इजा किती आणि कायमची का हे पाहून रक्कम ठरते. तरी दहा लाखच धरू. दोन हजार नोटा, रांग ३०० मीटर. एका बाईच्या मोडलेल्या आयुष्याला ३०० मीटर!

आता श्वास रोखा. २०२२ साली महाराष्ट्रात बलात्काराचे २,९०४ गुन्हे नोंदले गेले. नोंदले गेले तेवढेच. प्रत्येक प्रकरणात पूर्ण दहा लाख द्यायचे ठरवले तर २९० कोटी ४० लाख. रांग मुंबईहून निघते. नाशिक मागे पडतं, भुसावळ मागे पडतं, अकोला, बडनेरा, वर्धा! ८३७ किलोमीटरवर नागपूर येतं आणि रांग थांबत नाही. आणखी ३४ किलोमीटर, भंडारा रोडची निम्म्याहून जास्त वाट ती कापते. आणि केंद्राची ती एकदाची १७ कोटी ६५ लाखांची रांग? मुंबईहून निघून कल्याणला संपते, अंबरनाथही नाही!

एकट्या भंडारा जिल्ह्याचं काय? तालुके सात, २०११ची लोकसंख्या १२ लाख ३३४. ते १७ कोटी ६५ लाख लोकसंख्येप्रमाणे वाटले तर जिल्ह्याला येतात १८ लाख ८५ हजार. दहा लाखांची दोन प्रकरणंसुद्धा त्यात बसत नाहीत! याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, २९ सप्टेंबर २००६ला खैरलांजीचं हत्याकांड घडलं. एका दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. तेव्हा ३५७-अ अस्तित्वातच नव्हतं. ॲट्रॉसिटी नियमांतली मदत वेगळ्या खात्यातून येते. २०१६पासूनच्या दराने खुनाला सव्वाआठ लाख. चौघांचे ३३ लाख. जिल्ह्याच्या वाट्याला येणाऱ्या त्या रकमेत हे एक घरही मावत नाही.

मग ती नागपूर ओलांडणारी रांग परवडणार कशी? मांडू हिशेब! २९० कोटी ४० लाखांना महाराष्ट्राच्या २०११च्या सव्वाअकरा कोटी माणसांनी भागा. माणशी २६ रुपयेसुद्धा होत नाहीत, आणि तेही वर्षाला! ८७१ किलोमीटर नोटा, माणशी २६ रुपयांच्या आत. त्याच हिशेबाने भंडारा जिल्ह्याच्या नावावर एकदाचे १८ लाख नव्हे, दरवर्षी तीन कोटी दहा लाख ठेवता येतात.