ट्रॉली विमानाच्या पोटात आणि इन्सुलिनही

कोल्हापूरजवळच्या खेड्यातले एक निवृत्त शिक्षक दिल्लीतल्या मुलाकडून भाचीच्या लग्नाला निघाले. हैदराबादपर्यंत मोठे विमान, पुढे पंख्यांचे छोटे एटीआर. मधुमेह जुना, इन्सुलिन दोन वेळा. औषधे मोठ्या बॅगेत टाकू नयेत हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ती केबिनच्या ट्रॉलीत ठेवली होती. पण एटीआरच्या शिडीपाशी कर्मचाऱ्याने ट्रॉलीच मागून घेतली. या विमानातले डोक्यावरचे कप्पे लहान. मोठ्या विमानात सहज मावणारी ट्रॉली इथे सामानकक्षात जाते. कोल्हापूरला गुरुजी उतरले, ट्रॉली नाही. वजनामुळे काही नग मागे राहिले होते, ते दुसऱ्या दिवशी येणार होते.

‘एका दिवसाने काय होतंय’ म्हणत रात्रीचा आणि सकाळचा डोस चुकला. त्यात लग्नघरचे जेवण. दुपारी उलट्या सुरू झाल्या, साखर ४३० निघाली आणि गुरुजी मांडवातून थेट रुग्णालयात.

इन्सुलिन कोल्हापुरात मिळत नव्हते असे नाही. पण चिठ्ठीही ट्रॉलीतच होती आणि नाव कुणालाच आठवेना. अंदाजाने घेणे तर आणखी धोक्याचे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे, तर पेनातले १०० युनिटचे असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होऊ शकतो.

विमानतळांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या ‘सिटा’च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगांचा घोळ झाला. उशिरा पोहोचलेल्या बॅगांपैकी जवळपास निम्म्या विमान बदलताना अडकल्या होत्या. प्रवासी धावत दुसरे विमान गाठतो. बॅगेला मात्र उतरणे, छाननी, गाडी आणि पुन्हा चढणे एवढे सोपस्कार असतात. दोन्ही तिकिटे वेगळी काढली असतील तर बॅगेचा टॅग सहसा पहिल्याच विमानतळापर्यंतचा असतो. त्यावर शेवटच्या गावाची तीन अक्षरे, कोल्हापूरसाठी ‘केएलएच’, आहेत का हे काउंटरवरच पाहावे.

तेव्हा औषधांची जागा ट्रॉलीत नाही, खांद्याला किंवा कमरेला अडकवायच्या छोट्या पिशवीत. तीन-चार दिवस जास्तीचा साठा, ग्लुकोमीटर, साखरेच्या गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत त्यातच. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्येही असू द्या. शिडीपाशी ट्रॉली द्यावीच लागली, तर पॉवर बँकही काढून घ्या. ती सामानकक्षात चालत नाही. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबले तर दिवसभरातच रक्तात आम्ले साचून जीव धोक्यात येऊ शकतो. फिट्सच्या आणि हृदयाच्या काही गोळ्याही अशा अचानक बंद झालेल्या चालत नाहीत.

गुरुजींची ट्रॉली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच, आणि कडक उन्हातही ते बिघडते. रात्रभर ट्रॉली कुठे पडून होती हे कुणालाच सांगता येईना. आतली तिन्ही पेने टाकून द्यावी लागली.