गंजलेल्या पिकअपला दुसरे इंजिन : रायगड किनाऱ्यावरचा हिशेब

रेवसपासून बागमांडल्यापर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर मासळी, बर्फ, सुपारी, पांढरा कांदा आणि बांधकामाचे साहित्य यांच्या वाहतुकीची मोठी भिस्त लहान मालवाहू गाड्यांवर, म्हणजे पिकअप आणि छोटा हत्ती यांच्यावर आहे. अशी गाडी दहा-बारा वर्षांची झाली की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : इंजिन थकले आहे, पत्रा गंजला आहे, तर दुसरे इंजिन बसवावे की गाडी भंगारात द्यावी? याचे उत्तर सहसा इंजिनाकडे पाहून शोधले जाते, कारण धूर डोळ्यांना दिसतो आणि कार्लेखिंडीच्या चढाला गाडीला लागलेला दम कानांना कळतो. परंतु खाऱ्या हवेच्या प्रदेशात तपासणीचा क्रम उलटा असायला हवा. प्रथम चासी, मग कागदपत्रे आणि सर्वांत शेवटी इंजिन, असा तो क्रम आहे.

खारी हवा लोखंडाचे काय करते

गंज म्हणजे लोखंडाचा पाणी आणि प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन तयार झालेले जलयुक्त ऑक्साइड होय. ही प्रक्रिया देशावरही घडते, परंतु किनाऱ्यावर मीठ तिला गती देते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि लाटांच्या तुषारांबरोबर ते हवेत मिसळून पत्र्यावर बसतात. मिठातील क्लोराइड पृष्ठभागावरील संरक्षक थर भेदते, तर खारट ओलाव्यातून विद्युत्भार सहज वाहत असल्यामुळे लोखंडाची झीज वेगाने होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. म्हणून पावसात न भिजलेली, छपराखाली उभी असलेली गाडीसुद्धा या किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ ओलीच राहते.

मासळी वाहणाऱ्या गाडीवर याखेरीज आणखी एक संकट असते. बर्फ वितळून निघालेले खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चासीवर ठिबकते, पुळणीवर गाडी उतरवल्यास ओली वाळू कोपऱ्यांत अडकून राहते आणि दिघी–आगरदांडा किंवा बागमांडला–वेश्वी या जंगलजेटींवर, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटींवर, चढता-उतरताना चाकांबरोबर खारे पाणी वर उडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे एकावर एक जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये तो शिरला, की त्या पट्ट्या आतून फाकू लागतात.

चासीची परीक्षा

चासी म्हणजे दोन लांब उभे तुळईसारखे भाग आणि त्यांना जोडणारे आडवे भाग यांचा सांगाडा, ज्यावर इंजिन, केबिन आणि हौदा बसतो आणि ज्याला पाटे व धुरे टांगलेले असतात. गंजाचा खरा घाला बाहेर दिसणाऱ्या दरवाज्याच्या पत्र्यावर नसून मागच्या पाट्यांच्या टांगणीच्या जागी, मागच्या धुऱ्याच्या वरच्या वळणात, आडव्या भागांच्या सांध्यांत, केबिनच्या रबरी बैठकींखाली आणि ब्रेकच्या नळ्यांवर पडतो. गाडी उचलून, खारट चिखल गोड्या पाण्याने धुऊन काढून, लहान हातोडीने सर्व ठिकाणी ठोकून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह परीक्षा होय. शाबूत लोखंड खणखणते, खाल्लेले लोखंड बद्द आवाज देते, आणि टोकदार हत्यार दाबल्यावर ते आत शिरले तर शंकेला जागा उरत नाही. खालून नुकताच काळा डांबरी लेप दिलेला असेल, तर अशा जागी अधिक काळजीने पाहावे, कारण गंजावर दिलेला लेप ओलावा आत कोंडून ठेवतो आणि दोष झाकतो.

वरवरचा तांबूस थर तारेच्या ब्रशने निघून खाली जाड धातू लागत असेल, तर चासी वाचलेली आहे. पापुद्रे सुटत असतील, पण गंज एक-दोन जागांपुरता मर्यादित असेल, तर जाणकार वेल्डर तो भाग कापून योग्य जाडीचा तुकडा बसवू शकतो. परंतु उभ्या तुळयांच्या वरच्या-खालच्या कडा, ज्यांवर माल भरलेल्या गाडीचा सर्वाधिक ताण व दाब येतो, त्याच विरल्या असतील, किंवा पाट्यांची टांगणी दोन्ही बाजूंनी सुटत आली असेल, तर ठिगळे लावण्यात अर्थ नाही. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते, पण टांगणी तुटली किंवा ब्रेकची नळी फुटली, तर गाडीतल्या माणसांबरोबर समोरून येणाऱ्याचाही जीव जातो. म्हणून या टप्प्यावर चासी नापास झाली, तर पुढचे सर्व प्रश्न तेथेच संपायला हवेत.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्यामुळे व्यवहारात सुरक्षित मार्ग एकच उरतो, तो म्हणजे त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवणे आणि त्याचा नवा क्रमांक प्रमाणपत्रावर नोंदवून घेणे. पूर्वमान्यतेविना बदल झालेला असेल, तर तो १४ दिवसांच्या आत कळवण्याची तरतूद आहे, आणि नियमबाह्य बदलासाठी २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन या तालुक्यांतील गाड्यांसाठी हे काम एमएच-०६ क्रमांकमालिकेच्या पेण येथील परिवहन कार्यालयात होते. इंजिन क्रमांक जुळत नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावाही वादात सापडतो. शिवाय आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतील पासिंग, दरवर्षी घ्यावे लागते. चासीवरचा क्रमांकच गंजाने अवाच्य झाला असेल, तर तेथे अडचण ठरलेलीच आहे.

इंजिन खरोखरच संपले आहे का

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अतिशय दाबल्याने ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. हा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत आणि झडपा यांवर टिकतो, म्हणून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजल्याखेरीज इंजिन उतरवण्याचा निर्णय घेऊ नये. काळा धूर बहुधा नोझल, डिझेल पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांच्याकडे बोट दाखवतो, गरम इंजिनाचा पांढरा धूर पाणी कमी होत असल्यास हेड गॅस्केटकडे, तर सततचा निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. यांपैकी पहिल्या दोन दोषांसाठी इंजिन बदलणे ही उधळपट्टी ठरते. झीज रिंगा आणि लायनरपुरती असेल, तर मूळ इंजिनाचेच काम करून घेतल्याने क्रमांक बदलत नाही आणि कार्यालयाची पायरीही चढावी लागत नाही. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा क्रँक मर्यादेपलीकडे झिजली असेल, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार रास्त ठरतो.

जुन्या काळी पेट्रोलच्या जीपगाड्यांत मिस्त्री डिझेल इंजिने बसवत, कारण त्या यंत्रणेत सारे काही यांत्रिक होते. आजच्या कॉमन रेल इंजिनात, ज्यात उच्च दाबाच्या सामाईक नळीतून संगणक डिझेलची मात्रा ठरवतो, वायरिंग आणि संवेदक जुळल्याशिवाय गाडी नीट चालत नाही. भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, त्यामुळे एकाच नावाच्या गाडीची दोन वर्षांतली इंजिनेही परस्परांत बसतीलच असे नाही. कुर्ल्याच्या बाजारातून जुने इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे मागावीत, तसेच ते पाण्यात बुडालेले नाही याची खात्री करावी. जुलै २०२१ च्या महाडच्या पुरासारख्या आपत्तीत बुडालेल्या गाडीचे इंजिन बाहेरून स्वच्छ दिसले, तरी आतून गंजलेले असू शकते.

खर्च वर्षांत मोजावा

इंजिनाची किंमत गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्यापेक्षा एकूण खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागणे अधिक न्याय्य आहे. समजा, इंजिन, बसवण्याची मजुरी, क्लच, पत्राकाम आणि कागदपत्रे मिळून दोन लाख रुपये लागणार आहेत. चासी आणखी पाच वर्षे टिकणार असेल, तर वर्षाला चाळीस हजार पडतात, आणि ती दोनच वर्षांची सोबती असेल, तर वर्षाला एक लाख. इंजिनाचे आयुष्य यात गौण ठरते, कारण गाडी तिच्या सर्वांत दुर्बल भागाइतकीच जगते. वाढणारे पासिंगचे शुल्क आणि पर्यावरण कर या हिशेबात धरावेत, तसेच अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिल्यावर मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रामुळे नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची जी केंद्रीय तरतूद आहे, तीही दुसऱ्या पारड्यात टाकावी.

कामाची वेळही या किनाऱ्यावर महत्त्वाची आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मासळीच्या गाड्यांना काम कमी असते, म्हणून इंजिन उतरवण्यासाठी हे दोन महिने सोयीचे. परंतु दमट हवेत ओल्या लोखंडावर दिलेला रंग टिकत नाही, म्हणून चासी घासून गंजरोधक थर देण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावे.

थोडक्यात, चासी खणखणीत, कागदपत्रे स्वच्छ, त्याच प्रकारचे इंजिन उपलब्ध आणि वर्षाचा खर्च परवडणारा, या चारही अटी पूर्ण होत असतील, तर जुनी गाडी दुसऱ्या इंजिनाला निश्चितच पात्र आहे, आणि तिला भंगारात काढणे म्हणजे मेहनतीने उभ्या केलेल्या धंद्याचे साधन अकारण मोडणे होय. पहिली अट मोडत असेल, तर मात्र उरलेल्या तिन्ही अटी पूर्ण होत असूनही ती गाडी रस्त्यावर ठेवू नये. आणि ज्याने इंजिन बदलले, त्याने दर फेरीनंतर हौदा आणि चासी गोड्या पाण्याने धुण्याचा नेम पाळावा, कारण ज्या मिठाने पहिल्यांदा ही वेळ आणली, ते नव्या इंजिनाखालच्या लोखंडावरही रोज बसतच असते.