एका डिस्कचं भविष्य, लाख डिस्कचा हिशेब

हार्ड डिस्कच्या आत काय चाललेलं असतं हे एकदा नीट कळलं, की ती उडते कशी यापेक्षा ती चालते कशी, याचंच नवल वाटतं. साडेतीन इंची डिस्कमधली लख्ख तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर भरतो. या पळत्या पृष्ठभागावर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं आणि काम करताना दोघांमधलं अंतर जेमतेम एक-दोन नॅनोमीटर उरतं. कोरोनाचा विषाणू साधारण 100 नॅनोमीटरचा. त्या फटीत तो शिरूही शकणार नाही.

हेडला तोलून धरतो तो तबकडीसोबत फिरणारा हवेचा पातळ थर. तबकडी थांबली की तो थरही गेला. मग ऐन कामात वीज गेली तर? तेव्हा फिरत्या तबकडीत जो वेग शिल्लक असतो, त्यावर डिस्कची मोटरच क्षणभर जनरेटर होते, आणि त्या विजेवर हेड तबकडीवरून उचलून बाजूच्या सुरक्षित उतारावर नेऊन ठेवलं जातं. भारनियमनाच्या गावात हे नाट्य रोज घडतं आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

वीजच काय, नुसता आवाजही डिस्कला बाधतो. 2008 साली सन मायक्रोसिस्टम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग डेटा सेंटरमधल्या डिस्कच्या कपाटापुढे उभे राहून जिवाच्या आकांताने ओरडले. आलेखावर डिस्कचा प्रतिसाद त्याच क्षणी मंदावलेला दिसला. आवाजाच्या कंपनानेच हेड तबकडीवर माहिती लिहिलेल्या आपल्या रेघेवरून ढळत होतं. 2016 मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी सुरू होती. सुटलेल्या वायूच्या प्रचंड आवाजाने तिथल्या डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास ठप्प झाल्या.

इतकी नाजूक वस्तू आपण घरच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या एका पेटीत, चार-चार शेजारी बसवतो आणि मुलांच्या जन्मापासूनचे फोटो तिच्या हवाली करतो. साहजिकच घेताना प्रश्न पडतो: कुठली टिकेल?

माहितीपत्रकात आकडा असतो एमटीबीएफचा, म्हणजे दोन बिघाडांमधल्या सरासरी काळाचा: दहा लाख तास. भागाकार केला तर 114 वर्षं येतात. 114 वर्षं चाललेली डिस्क कुणी पाहिलेली नाही, कारण पहिली हार्ड डिस्कच आयबीएमने 1956 मध्ये आणली. तरीही हा आकडा खोटा नाही. तो एका डिस्कविषयी बोलतच नाही. एलआयसीला तुमच्या मृत्यूची तारीख ठाऊक नसते, पण तुमच्या वयाच्या लाखभर माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जातील हे ती नेमकं सांगू शकते. समजा, तिशीतल्या हजार माणसांमागे वर्षाला एक मृत्यू होतो. त्याच रीतीने हिशेब केला तर माणसाचा एमटीबीएफ हजार वर्षं निघेल! कारण म्हातारपण या हिशेबात धरलेलंच नाही. दहा लाख तासांचा खरा अर्थ एवढाच, की उमेदीच्या वर्षांत शंभरातली जेमतेम एक डिस्क, 0.88 टक्के, दर वर्षी जावी.

प्रत्यक्षात तसं होतं का? 2007 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. बदलाव्या लागलेल्या डिस्कचं वार्षिक प्रमाण बहुतेक ठिकाणी 2 ते 4 टक्के, काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत निघालं. महागड्या डिस्क स्वस्त डिस्कपेक्षा कमी बदलाव्या लागतात, असाही पुरावा त्यांना दिसला नाही. त्यांनी हा अभ्यास ज्या परिषदेत मांडला, तिथेच गूगलच्या संशोधकांनी आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. डिस्क उष्णतेने मरतात या समजाला त्यात फारसा आधार मिळाला नाही. जास्त तापमानाचा फटका दिसला तो मुख्यतः तीन-चार वर्षं जुन्या झालेल्या डिस्कना. अर्थात गूगलच्या थंड दालनांवरून नागपूरच्या मे महिन्याचा निष्कर्ष काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खोलीच 45 अंशांवर गेली की पेटीच्या आतलं तापमान त्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर जातं.

आज मात्र अशा नोंदी कुणालाही बघता येतात, आणि याचं मला फार अप्रूप वाटतं. बॅकब्लेझ ही अमेरिकन बॅकअप कंपनी आपल्या प्रत्येक डिस्कच्या 2013 पासूनच्या रोजच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या करते. 2024 च्या अखेरीस त्यांच्याकडे तीन लाखांच्या घरात डिस्क चालू होत्या आणि वर्षभरात उडालेल्यांचं प्रमाण होतं 1.57 टक्के.

बॅकब्लेझच्या या नोंदींच्या तक्त्यांत आधी टक्केवारीचा रकाना पाहू नये. आधी पाहावेत डिस्क-दिवस: किती डिस्क, किती दिवस चालल्या. समजा, शंभर नव्या डिस्क महिनाभर चालल्या आणि एक गेली. 3000 डिस्क-दिवस म्हणजे सव्वाआठ वर्षं; त्यात एक मृत्यू, म्हणजे वार्षिक प्रमाण 12 टक्के! ऐकून कुणीही ते मॉडेल टाळेल. पण ती एक डिस्क महिनाअखेरऐवजी पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी गेली असती, तर त्या महिन्याचा आकडा शून्य झाला असता. काही लाख डिस्क-दिवस झाल्याशिवाय टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. दुकानात ऐकलेलं ‘माझ्या दोन उडाल्या, ती कंपनी नकोच’ हे तर याहून कितीतरी लहान माप.

दुसरं पाहायचं ते मॉडेल. कंपनीच्या नावावर जाऊ नये. 2011 मध्ये थायलंडला महापूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर टंचाई झाली. तेव्हा बॅकब्लेझच्या लोकांनी दुकानादुकानांतून बाहेरून जोडायच्या डिस्क विकत आणल्या आणि त्यांची कवचं फोडून आतला माल वापरला. त्या काळातलं सीगेटचं 3 टीबीचं एक मॉडेल त्यांच्याकडे इतकं उडालं, की 2015 पर्यंत ते जवळपास सगळं काढून टाकावं लागलं. पण त्याच सीगेटचं 4 टीबीचं मॉडेल त्यांच्याच कपाटांत पुढे वर्षानुवर्षं व्यवस्थित चाललं.

मग आपली स्वतःची डिस्क काही सांगते की नाही? सांगते. प्रत्येक डिस्क स्मार्ट नावाची नोंदवही ठेवते आणि नॅसच्या पडद्यावर ती वाचता येते. सगळ्यांत आधी 5 क्रमांकाची ओळ पाहा, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली, की डिस्क तिथला मजकूर राखीव जागेत हलवते आणि इथे एकाची भर घालते. मग 197 क्रमांकाची ओळ: ज्या जागा धड वाचता येत नाहीत, पण अजून सोडूनही दिलेल्या नाहीत. निरोगी डिस्कवर दोन्हीकडे शून्य असतं. गूगलच्या अभ्यासात पहिला स्कॅन-दोष, म्हणजे पृष्ठभाग तपासताना सापडलेली पहिली चूक, दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या 39 पट होती. पण उडालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक अशा होत्या, की नोंदवहीतल्या मुख्य चार खुणांपैकी एकीनेही आधी सूचना दिली नव्हती. नोंदवहीत शून्य दिसलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

घरचा हिशेब मांडू. वर्षाला दीड टक्का धरला, तर चार डिस्कच्या नॅसमध्ये पाच वर्षांत किमान एक डिस्क जाण्याची शक्यता 26 टक्के होते. चार घरांतलं एक घर! सगळ्यांत चांगलं मॉडेल निवडून ही शक्यता कमी करता येते, शून्य करता येत नाही. शिवाय चारही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतल्या, तर त्यांच्यात एखादा दोष सामाईक असण्याची शक्यता वाढते. घेताना एसएमआर प्रकारची डिस्क नाही ना, हेही पाहा. त्यात रेघा एकमेकींवर चढवून लिहितात, आणि गेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवल्यावर ती भरायला फार वेळ लागतो. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क याच प्रकारच्या निघाल्या आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा, नॅसला यूपीएस जोडा आणि महिन्यातून एकदा 5 व 197 क्रमांकाच्या ओळी उघडून बघा. आणि रेडला, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी म्हणून डिस्क एकत्र जोडण्याच्या रचनेला, बॅकअप समजू नका: चुकून पुसलेला फोल्डर रेड चारही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतं. फोटोंची एक प्रत घराबाहेर, भावाकडे, बहिणीकडे किंवा क्लाउडवर असू द्या. ती नसेल, तर नवी डिस्क शोधण्याआधी या रविवारी तेवढं काम उरकून घ्या.