सव्वा मिलिसेकंदाचं डिझेल

स्विफ्टच्या उघड्या बॉनेटखाली चार रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तारेने टांगलेल्या. प्रत्येकीत एका इंजेक्टरच्या रिटर्नची नळी सोडलेली. मिस्त्रीने इंजिन चालू केलं आणि मोबाइलवर वेळ लावली. तीन बाटल्यांत डिझेल तळाशीच रेंगाळलं, चौथीत मात्र चांगलं दोन बोटं चढलं.

"मालक, तुम्ही पंच्याहत्तरचे एकशेदहा करा म्हणायलाव," तो म्हणाला, "आणि हा चार नंबरचा गडी दिलेलं डिझेलच माघारी पाठवायलाय."

मालक म्हणजे पंचविशीतला पोरगा. गाडी सेकंडहँड, एमएच-२५ पासिंग. पुण्याकडचा कुणी लॅपटॉप लावून अर्ध्या तासात गाडीची ताकद वाढवून देतो, असे व्हिडिओ त्याने पाहिलेले. रिमॅप करायचाच, हे त्याचं ठरलेलं होतं. इथे तो फक्त 'इंजेक्टर एकदा बघून घ्या' म्हणून आला होता, आणि तेवढं शहाणपणही फार जणांकडे नसतं.

धाराशिवच्या बाहेर, सोलापूर-धुळे महामार्गाला लागून असलेलं हे पंप-नोझलचं दुकान. जुने ड्रायव्हर अजून 'मायकोवाला' म्हणूनच पत्ता सांगतात. मायको म्हणजे बंगळूरची मोटार इंडस्ट्रीज कंपनी. २००८ साली तिचं नाव बॉश झालं, पण ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडातून मायको काही जात नाही. कंपनीचा इंजेक्टर-नोझलचा कारखाना आपल्या नाशिकला आहे, हे मिस्त्री गावातला माणूस मोठ्या पदावर गेल्याच्या थाटात सांगतो.

दिवाळीनंतर इथे कारपेक्षा ट्रॅक्टर जास्त. ढोकी, केशेगाव, रांजणी, मुरूम असा साखर कारखान्यांचा पट्टा. गळीत सुरू झालं की दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यांची एकच मागणी, 'पंपाला जरा डिझेल वाढवा'. जुन्या पंपाला फुल लोडचा स्क्रू असतो आणि त्यावर तार आणि शिशाचं सील. सील तोडून स्क्रू फिरवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. चढाला ट्रॅक्टर थोडा जोर धरतो, मागे काळा धूर सोडतो आणि ड्रायव्हर खूश होतो. त्या धुराचा अर्थ सरळ आहे. डिझेल वाढलं, हवा तेवढीच राहिली, वरचं डिझेल अर्धवट जळून बाहेर पडलं. मिस्त्री स्क्रू फिरवून देत नाही असं नाही. "धंदा हाय," म्हणतो. पण फिरवताना पाव फेरीच्या पुढे त्याचा हात जात नाही.

टर्बोच्या गाडीत गोष्ट उलटी होते. तिथे हवा वाढवता येते, म्हणून डिझेलचा प्रश्न पुढे येतो. लॅपटॉपवाला इंजिनच्या संगणकाला जास्त डिझेल मागायला शिकवतो. ते पुरवायचं असतं इंजेक्टरला, आणि इंजेक्टरजवळ दोनच गोष्टी आहेत: भोकाचा आकार आणि उघडं राहण्याचा वेळ. दाब वाढवून थोडी मदत होते, पण ती फसवी आहे.

हिशेब मांडून पाहू. फियाटचं हे १.३ मल्टिजेट इंजिन २००३ साली युरोपात आलं आणि २००७ मध्ये मारुतीच्या स्विफ्टमधून आपल्या गावोगावी पोहोचलं. पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार होत असे. १,२४८ सीसी, मिनिटाला ४,००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती, म्हणजे ५५ किलोवॉट. पूर्ण ताकदीवर किलोवॉट-तासाला अडीचशे ग्रॅम डिझेल धरलं तर तासाला पावणेचौदा किलो. चार सिलिंडर, प्रत्येकात मिनिटाला २,००० फवारे, म्हणजे तासाला ४ लाख ८० हजार. भागाकार केला की एका फवाऱ्याला येतं साधारण ३४ घनमिलिमीटर. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबाहूनही कमी. पोराला हव्या असलेल्या ११० अश्वशक्तीला तेच पन्नास लागतील. अख्खा थेंब.

आता वेळ. ४,००० फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात २४ अंश फिरतो. डिझेल नीट जळून पिस्टनला ढकलायचं तर फवारा तिसेक अंशांत आटोपला पाहिजे, म्हणजे सव्वा मिलिसेकंद. गाडी आधीच ही मुदत वापरतेय असं धरलं, तर पन्नास घनमिलिमीटर कसे द्यायचे? रेलचा, म्हणजे चारही इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचा, दाब १,४०० बारवरून १,६०० वर नेला तरी प्रवाह वाढतो जेमतेम सात टक्के, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने चालतो. उरलेलं सगळं वेळेतून काढावं लागतं. सव्वाचे पावणेदोन होतात आणि फवारा ४२ अंशांपर्यंत लांबतो. शेवटचं डिझेल पडतं तोवर पिस्टन खाली निघून गेलेला असतो. ते जळतं, पण ढकलायला कुणी नसतं. त्याची उष्णता जाते पिस्टनच्या माथ्यात, एक्झॉस्टमध्ये आणि टर्बोच्या पात्यांत.

म्हणून इंजेक्टरची मर्यादा नळासारखी कळत नाही. पाणी संपलं की नळ फुसफुसतो तरी. इथे डिझेल येतच राहतं, आकडा थोडा वाढतोही, फक्त येतं उशिरा.

कमी फेऱ्यांना याच्या उलट. १,५०० ला क्रँक मिलिसेकंदात नऊच अंश फिरतो. वेळ मुबलक, पण टर्बो अजून पुरता जागा झालेला नसतो, हवा नसते. तिथे डिझेल वाढवलं की ट्रॉलीवाल्याचाच काळा धूर. रिमॅपची खरी कमाई या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात आहे, २,००० ते ३,००० च्या आसपास. जाहिरातीत मात्र टोकाचा आकडा लिहितात.

पेट्रोल टर्बोवाल्यांचं भय निराळं. मॅनिफोल्डमध्ये फवारा मारणाऱ्या पेट्रोल गाडीत ६,००० फेऱ्यांना एका आवर्तनाला २० मिलिसेकंद मिळतात. त्यातला ८०-८५ टक्के वेळ इंजेक्टर उघडा राहिला की शहाणा ट्यूनर थांबतो. त्यापुढे पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन खडखडून ठोकायला लागतं. पेट्रोलच्या पिस्टनला उपासमार मारते, डिझेलच्या पिस्टनला अजीर्ण.

मिस्त्रीने चार नंबरचा इंजेक्टर काढला. काजळी धरलेला, बोटाएवढ्या जाडीचा लोखंडी तुकडा. आतली सुई सुमारे १,४०० बारचा दाब अंगावर घेते. तिला उचलायला वरची विजेची झडप लागते. झडप क्षणभर उघडते, सुईच्या माथ्यावरचा दाब थोडा सुटतो, सुई वर होते आणि खालून फवारा निघतो. सुटलेलं डिझेल रिटर्नला जातं. बाटलीत साठतं ते हे. झडपेची बैठक झिजली की सुटायचं त्याहून जास्त सुटतं आणि पंप किती का दाबेना, रेलमध्ये दाब टिकत नाही.

मग त्याने एक जुना ट्रॅक्टरचा नोझल घेतला, डिझेलमध्ये बुडवला, सुई एक तृतीयांश वर ओढली आणि उभा धरून सोडला. सुई आपल्या वजनाने सावकाश, कुठेही न अडखळता खाली उतरली. "ही पास." दुसऱ्याची सुई अर्ध्यात थबकली. सुई आणि तिच्या घरातली फट दोन-तीन मायक्रॉनची, आणि कारच्या नोझलची भोकं मिलिमीटरच्या आठव्या भागाच्या आसपास. शेतातल्या गंजक्या बॅरलमधलं पाणी मिसळलेलं डिझेल इथे काय करत असेल ते सांगायला नको. काही गाड्यांचे टर्बो बदलले जातात, प्रोग्राम बदलले जातात, आणि डिझेल फिल्टर मात्र मागच्या मालकाचाच असतो.

इंजेक्टर काढण्याआधी मिस्त्रीने गाडी एकदा तुळजापूरच्या घाटात नेली होती, स्कॅनर लावून. तुळजापूर ओलांडून सोलापूरच्या बाजूला बालाघाटचा कडा उतरायचा आणि माघारी चढायचं. त्याच्या मते याहून चांगला डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, जिल्ह्यात नाही. तिसरा गिअर, पाय खाली. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी, एक मागितलेला दाब आणि दुसरा मिळालेला. २,५०० पर्यंत दोघे बरोबर चालले. साडेतीन हजारांच्या पुढे मागणी १,४०० आणि हातात १,२५० च्या आसपास. पोराला गाडी नेहमीसारखीच वाटत होती. साडेपाच टक्के डिझेल कमी पडलेलं पाठीला कळत नाही. पण अशा गाडीवर रिमॅप टाकला असता, तर संगणकाने जास्त मागितलं असतं, मिळालं नसतं, आणि इंजिनाने दिवा पेटवून ताकद आवरती घेतली असती. ते परवडलं. दिवा लागू नये म्हणून तो इशाराच बंद करून देणारेही असतात, तिथे पिस्टन जातो.

किमतीवरून थोडी घासाघीस झाली. "चार इंजेक्टर म्हणजे चार-पाच उस्मानाबादी शेळ्या गेल्या की," पोरगा म्हणाला. शेवटी एक नवा घ्यायचा आणि तीन बेंचवर तपासून बसवायचे असं ठरलं. बेंचवर तिघांचा फवारा आयडल, मध्यम आणि पूर्ण भार अशा टप्प्यांवर मापला गेला. काचेच्या नळ्यांतली पातळी जवळपास सारखी निघाली. नव्याच्या माथ्यावर कोरलेला कोड मिस्त्रीने भिंग लावून वाचला आणि स्कॅनरमधून संगणकात भरला. प्रत्येक इंजेक्टर जन्मतःच किंचित कमी-जास्त देतो, आणि तो फरक संगणकाला त्या कोडातून कळतो. हे न करता इंजेक्टर बसवणारे महाभाग आहेत. मग गाडी आयडलला थरथरते आणि दोष डिझेलला दिला जातो.

पुण्याच्या लॅपटॉपवाल्याला मिस्त्रीनेच फोन लावला. बोलणं तुटक होतं. साडेतीन हजारांच्या वर फवाऱ्याची मुदत सव्वाच्या पुढे न्यायची नाही. दाब कंपनीचाच. मधे काय द्यायचं ते दे, पण क्लच जुना आहे हे ध्यानात ठेव. पलीकडचा थोडा कुरकुरला, मग आकडा सांगितला.

"नव्वद," मिस्त्रीने पोराकडे वळून सांगितलं. "याच इंजिनाला कंपनीनंच दुसऱ्या गाडीत नव्वद दिले, पण तिचा टर्बो येगळा. तुमच्या टर्बोवर तेवढे आले तरी लई."

पोराचा चेहरा पडला. "मग टॉप किती पळंल?"

"टॉप पळवायला रस्ता कुठाय, मालक? मार्चपर्यंत पुढं उसाची ट्रॉलीच असती."