कबरींतले धर्मांतर

पोप पहिला ग्रेगरी याने पाठवलेला ऑगस्टिन हा मठवासी इ.स. ५९७ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय टोकावरील केंट राज्यात उतरला, तेथील राजा एथेलबर्ट याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत अँग्लो-सॅक्सनांची राज्ये एकामागून एक ख्रिस्ती झाली, अशी हकिगत बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात सांगितली आहे. पाचव्या शतकापासून उत्तर जर्मनी व डेन्मार्ककडून ब्रिटनमध्ये येऊन स्थिरावलेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना अँग्लो-सॅक्सन म्हणतात. बीडचे लक्ष राजे, बिशप आणि चमत्कार यांच्याकडे आहे. नांगर धरणाऱ्याने किंवा सूत कातणारीने नवा धर्म केव्हा आणि कितपत स्वीकारला, याविषयी तो फारसे बोलत नाही, आणि म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना कबरींकडे वळावे लागते.

जुन्या पिढीतील अभ्यासकांनी यासाठी एक सोपी कसोटी ठरवली होती. मृताचे डोके पश्चिमेला व पाय पूर्वेला असतील आणि सोबत काहीही पुरलेले नसेल, तर कबर ख्रिस्ती; शस्त्रे, दागिने, भांडी अशा दफनवस्तू सापडल्या, तर ती मूर्तिपूजकाची. ही कसोटी टिकली नाही, कारण पश्चिम-पूर्व दफने ऑगस्टिनच्या आगमनापूर्वीही होत होती, गरिबाच्या कबरीत वस्तू नसण्याचे कारण निव्वळ गरिबी हेही असू शकते आणि त्या काळच्या चर्चने दफनवस्तूंवर सरसकट बंदी घातल्याचा पुरावा नाही. ६८७ मध्ये निधन पावलेल्या संत कथबर्टच्या ख्रिस्तीपणाविषयी कोणी शंका घेणार नाही. तरीही डरहॅम येथे १८२७ मध्ये त्याची शवपेटी उघडली गेली, तेव्हा आत सोन्याचा, गार्नेट या लाल खड्यांनी मढवलेला क्रॉस मिळाला.

संक्रमणाचा काळ किती गुंतागुंतीचा होता, हे एसेक्समधील प्रिटलवेल येथे २००३ मध्ये सापडलेल्या दफनात जवळून पाहता येते. मातीच्या ढिगाऱ्याखाली लाकडी फळ्यांची एक खोली होती आणि तिच्या भिंतींवरील आकड्यांना भांडी टांगलेली होती. त्याशिवाय तलवार, लायर हे तंतुवाद्य, सोंगट्या, सोन्याचे बक्कल आणि पूर्व भूमध्यसागरी प्रदेशातून आलेली तांब्याची सुरई, असा सरदाराच्या घराला शोभणारा सगळा सरंजाम तिथे होता. आम्लयुक्त मातीत देह पूर्णपणे विरघळून गेला होता आणि उरले होते केवळ दातांच्या कवचाचे तुकडे. मात्र डोक्याच्या जागी सोन्याच्या पातळ पत्र्याचे दोन छोटे क्रॉस पडलेले होते, जे बहुधा मृताच्या डोळ्यांवर ठेवलेले असावेत. रेडिओकार्बन पद्धतीने, म्हणजे सेंद्रिय अवशेषांतील किरणोत्सारी कार्बनच्या क्षयावरून, केलेल्या कालमापनानुसार हे दफन ५७५ ते ६०५ या काळातले आहे. हे अनुमान खरे धरले, तर ऑगस्टिनच्या मोहिमेला जेमतेम सुरुवात झाली असताना, किंवा तिच्याही आधी, एसेक्समधील एका बड्या घराण्याने जुन्या रीतीच्या दफनात ख्रिस्ती खूण ठेवली होती. एथेलबर्टची राणी बर्था ही फ्रँक राजघराण्यातील ख्रिस्ती राजकन्या होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यात फारसे नवल वाटत नाही.

सटन हू येथे १९३९ मध्ये उघडकीस आलेल्या सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजातील दफनातही क्रॉस कोरलेले चांदीचे वाडगे आणि ‘सॉलोस’ व ‘पॉलोस’ (संत पॉलशी जोडली जाणारी नावे) अशी ग्रीक अक्षरे असलेले दोन चमचे मिळाले. हे दफन पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचे असावे, असे सामान्यतः मानले जाते आणि या राजाने एकाच देवळात ख्रिस्तासाठी एक व जुन्या देवतांसाठी दुसरी वेदी ठेवल्याचे बीड नाराजीने नोंदवतो. चमच्यांवरून रेडवाल्डची श्रद्धा ठरवणे मात्र धाडसाचे आहे. किमती चांदी भेट म्हणूनही येते आणि लुटीतही मिळते.

त्या मानाने केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टन येथे २०११ मध्ये सापडलेली कबर अधिक स्पष्ट बोलते. सातव्या शतकाच्या मध्यानंतरच्या या कबरीत सुमारे सोळा वर्षांची मुलगी लाकडी पलंगासह पुरलेली होती आणि तिच्या गळ्यापाशी सोन्याच्या कोंदणात गार्नेट बसवलेला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा क्रॉस होता. त्याच्या मागील बाजूस बारीक कड्या आहेत, म्हणजे तो वस्त्रावर शिवलेला असावा. भेट म्हणून पेटीत पडून राहिलेली ही वस्तू नव्हे, ती अंगावर मिरवलेली श्रद्धा आहे.

सामान्य जनतेविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र वस्तूंच्या अभावातून मिळतो. शेकडो कबरींतील वस्तूंची शैली आणि रेडिओकार्बन तारखा यांची सांख्यिकीय सांगड घालणारा मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वस्तूंसह दफन करण्याची प्रथा हळूहळू विरली नाही, तर ६८० च्या आसपास बऱ्याच झपाट्याने संपली. ६६९ मध्ये कँटरबरीला आलेला आर्चबिशप थिओडोर याने चर्चची घडी बसवली, त्याच्याशी काही अभ्यासक या बदलाचा संबंध जोडतात. हा संबंध अद्याप तर्काच्याच पातळीवर आहे. परंतु राजांचा बाप्तिस्मा आणि प्रजेच्या अंत्यविधीतील बदल यांत दोन-तीन पिढ्यांचे अंतर पडले, एवढे निश्चितपणे म्हणता येते. नॉर्थम्ब्रियातील जॅरो येथील दगडी चर्चचा अर्पणविधी याच सुमारास, २३ एप्रिल ६८५ रोजी झाला. ती तारीख कोरलेली लॅटिन शिळा आजही त्या चर्चमध्ये आहे.