शेपटी दिसली पाहिजे!

मेसच्या मागे रात्री फिरणारी घूस आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. तिला पाच-सहा किलोची करा, मागच्या पायांना बदकासारखे पडदे लावा, वर पांढऱ्या मिशा आणि नारिंगी दात द्या. झाला कोयपू तयार! अमेरिकेत त्याला न्यूट्रिया म्हणतात. गेल्या वर्षी सुट्टीत मी ओरेगन राज्यातल्या बीव्हरटन गावी मावशीकडे गेले होते. तिथल्या कॉमनवेल्थ लेकवर रोज सकाळी मी त्याचे फोटो काढत बसायचे.

कोयपू मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मऊ फरसाठी माणसाने त्याला जगभर नेलं. ओरेगनमध्ये तो १९३० च्या दशकात आला. पुढे फरचा धंदा बसला. काही प्राणी पिंजऱ्यातून पळाले, काही मालकांनीच सोडून दिले. मादी साडेचार महिन्यांत चार-पाच पिल्लं देते आणि नंतर दोन दिवसांत पुन्हा गाभण राहू शकते. बाकीचं गणित एम-थ्रीवाल्यांनी करावं! रोज वजनाच्या पाव हिश्शाएवढं हा खातो, तेही झाडं मुळासकट. शिवाय काठात बिळं खणतो. मग तो काठ किती दिवस टिकणार, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको.

आता खरा घोटाळा. त्याच पाण्यात बीव्हरही राहतो. तो तिथला मूळ रहिवासी आणि राज्याचा प्राणी. राज्याच्या झेंड्याच्या मागच्या बाजूला त्याचं चित्र आहे. त्याच्या बांधांमुळे पाणी अडतं, सॅमनच्या पिल्लांना आसरा मिळतो. कोयपू मात्र नकोसा पाहुणा. कायद्याने त्याला संरक्षण नाही आणि पकडलेला कोयपू जिवंत दुसरीकडे सोडायलाही बंदी आहे. म्हणजे ओळख चुकली तर भलत्याच प्राण्याचा जीव जातो. काठावर फिरायला येणारे कितीतरी लोक मला कौतुकाने सांगायचे, "बघ, बीव्हर!" तो असायचा कोयपू.

म्हणून फोटो नुसता गोड येऊन चालत नाही, त्यातून प्राणी ओळखू आला पाहिजे. पोहताना बीव्हरचं बहुतेक फक्त डोकं वर दिसतं, कोयपूचं डोकं आणि पाठ दोन्ही. कोयपूच्या मिशा पांढऱ्या, बीव्हरच्या काळपट. सगळ्यात पक्की खूण शेपटी. बीव्हरची वल्ह्यासारखी चपटी, कोयपूची उंदरासारखी गोल. दातांवर जाऊ नका. दोघांच्याही दातांच्या आवरणात लोह असतं, त्यामुळे दोघांचेही दात नारिंगीच.

शेपटी पाण्याखाली असते, म्हणून प्राणी काठावर चढेपर्यंत थांबायचं. पहाट आणि संध्याकाळ उत्तम. कॅमेरा जमिनीलगत धरायचा, म्हणजे मिशा आणि डोळे समोरून येतात. मागचं पाणी चकाकत असेल तर कॅमेरा फसतो आणि प्राणी नुसता काळा ठिपका होतो, तेव्हा एक्सपोजर थोडं वाढवायचं. शटर १/५०० च्या आसपास. आणि ब्रेड टाकून जवळ बोलवायचं नाही! फोटो सोपा होतो, पण सवय लागलेला प्राणी माणसांजवळच ठाण मांडतो.

फोटो काढताना मला त्याचा राग कधीच आला नाही. पिल्लं आईच्या मागे रांगेत पोहतात. तिची स्तनाग्रं पोटावर नसून पाठीजवळ असतात, त्यामुळे ती पोहतानाही दूध पिऊ शकतात. अशा प्राण्याला कोणीतरी कोटाच्या अस्तरासाठी आणलं आणि भाव पडल्यावर वाऱ्यावर सोडलं. निस्तरायला मात्र पुढच्या पिढ्या! ब्रिटनमध्ये तो १९२९ मध्ये आणला गेला. १९८१ पासून मोहीम राबवून १९८९ मध्ये संपवावा लागला.

हे सगळं फार लांबचं वाटतंय? पुण्याच्या पाषाण तलावातली जलपर्णीसुद्धा दक्षिण अमेरिकेतूनच आली आहे, तीही माणसांनी शोभेसाठी जगभर नेली म्हणून. आणि गंमत म्हणजे आपला राज्यप्राणी शेकरूही बीव्हरसारखाच कृंतक, म्हणजे कुरतडणारा. तेव्हा आपलं कोण आणि बाहेरून आलेलं कोण, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. पुढच्या ट्रेकला मोबाईल काढाल तेव्हा प्राण्याबरोबर सेल्फी नको. आधी त्याचा नीट फोटो घ्या, आणि शेपटी विसरू नका!