मोहाच्या धारेपासून पव्व्यापर्यंत
लेखमाला : महाराष्ट्र काय पितो? (भाग ६)

देश म्हणून आपण कडक दारू पितो, हे गेल्या भागात पाहिलं. भारतात सरकारी हिशेबात येणाऱ्या मद्यार्कापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग गाळलेल्या दारूतून पोटात जातो; बिअर थोडी, वाइन नावापुरती. जग दुसऱ्या वाटेने गेलं. १९६०च्या सुमारास फ्रान्समध्ये वर्षाला माणशी शंभर लिटरहून अधिक वाइन खपायची, ती आता निम्म्याहूनही खाली आली आहे. रशियात व्होडकाची जागा बऱ्याच अंशी बिअरने घेतली. आपल्याकडे तसं का झालं नाही, असं विचारलं की ‘आपल्या लोकांना लवकर चढणारीच लागते’ हे उत्तर तयार असतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्याचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर टिकत नाही. इथे माणूस काय पितो, हे त्याच्या जिभेपेक्षा परवाना, कर आणि नाका यांनी जास्त ठरवलं आहे.

इथला जुना पेला ऋतूचा होता. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून-जाळून ठेवलेला असतो, आणि उन्हं चढण्याआधी बायका-मुलं टोपल्या भरतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणून ते खाण्यातही येतं आणि बाजारातही जातं. दारू हा त्याचा एक उपयोग. फुलं काही दिवस पाण्यात आंबवायची, तो सडवा मडक्यात उकळायचा आणि पोकळ बांबूच्या नळीतून आलेली वाफ दुसऱ्या भांड्यात थंड करायची. पहिली धार जळजळीत, मग उतरत जाणारी. भामरागड-एटापल्लीकडे माडिया गोरग्याच्या झाडाचा रस पितात, सिरोंच्याकडे ताडी. ही पेयं गाळलेली नसतात, सौम्य असतात आणि ठेवली तर आंबट होतात. देवाला, लग्नाला, मयताला हेच लागायचं. म्हणजे एकाच मुलखात सौम्य आणि कडक अशी दोन्ही पेयं होती.

सरकारी ‘देशी’सुद्धा एके काळी मोहाचीच होती, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. ब्रिटिश मध्य प्रांतात परवान्याची दारू मोहफुलांपासून गाळली जायची आणि अबकारीचं उत्पन्न त्या झाडावर उभं होतं. पुढे साखर कारखाने वाढले, मळी स्वस्त झाली आणि देशी दारू मळीच्या मद्यार्काची झाली. फूल वर्षातून एकदा गळतं, साठवलेली मळी वर्षभर पुरते. त्यातच चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, सिमेंट कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे रोख मजुरी हातात येऊ लागली. रोख पैसा आणि बारमाही बाटली एकत्र आल्यावर सणाची दारू रोजची झाली.

याच रोजच्या दारूविरुद्ध बायका उठल्या. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९९३मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वाखाली २०१०मध्ये चिमूरहून नागपूरला मोर्चा गेला आणि १ एप्रिल २०१५पासून चंद्रपुरातही बंदी लागू झाली, २०२१मध्ये ती उठली. बंदीने दारूचा प्रकार कसा बदलतो, हे साध्या हिशेबात दिसतं. १८० मिलीच्या पव्व्यात ४२.८ टक्क्यांनी सुमारे ७७ मिली मद्यार्क असतो. पाच टक्क्यांच्या ६५० मिली बिअरच्या बाटलीत जेमतेम साडेबत्तीस. ४८ पव्व्यांच्या एका पेटीत जेवढा मद्यार्क मावतो, तेवढ्यासाठी बिअरच्या नऊ-साडेनऊ पेट्या लागतील. १९९३ ते २०१५ या काळात वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या तीरावर बंदी होती आणि ब्रह्मपुरीकडच्या तीरावर परवान्याची दुकानं. रात्री दुचाकीवरून नदी ओलांडणारा काय नेईल, हे सांगायला नको. अमेरिकेत १९२० ते १९३३ या बंदीच्या काळातही बिअर सर्वांत जास्त घटली आणि कडक दारूचा वाटा वाढला.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: बंदीने एकूण पिणं कमी होत असेल, तर प्रकाराची चिंता कशाला? चंद्रपुरात बंदीच्या सुरुवातीच्या काळात पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण घटल्याचं ‘सर्च’च्या पाहणीत दिसलं होतं, आणि ते नाकारायचं कारण नाही. पण पिणारे घटले तरी जे उरतात त्यांच्या हातात काय येतं, हा प्रश्न राहतोच. काळ्या गुळाची हातभट्टी आणि बनावट दारू त्यांच्याच वाट्याला येते. दुसरा आक्षेप असा, की मोहाचं हे गुणगान म्हणजे शहरी भाबडेपणा आहे. मोहाची पहिली धारही कडकच असते आणि तिच्यापायी मार खाणाऱ्या बायका याच जिल्ह्यात आहेत. खरं आहे. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती उपक्रमाच्या गाव संघटनांनी मोहसडवाही ओतून दिला, तो उगाच नव्हे. म्हणूनच मोह चांगला आणि बाटली वाईट अशी वाटणी मी करत नाही. घरच्या कार्यासाठी गाळलेली दारू, विक्रीची हातभट्टी, ताडी आणि पव्वा या चार गोष्टींना कायदा एकाच काठीने हाकतो, एवढाच माझा आक्षेप आहे.

एप्रिल २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोहफुलांपासून बनलेल्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं ठरवलं. परवाना घेऊन बाटलीत भरलं की ते उंची पेय. मडक्यात गाळलं की गुन्हा. यात महसुलाचं तर्कशास्त्र आहे, आरोग्याचं नाही. वास्तविक वेगळी वाट कायद्यात आधीच आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, तसंच त्यांचं नियमन किंवा नियंत्रण करण्याचाही अधिकार दिला आहे. आजवर भर राहिला तो बंदीवर. कुठलं पेय, कुणासाठी, कोणत्या प्रसंगी चालेल आणि विक्री मात्र मुळीच चालणार नाही, असा ठराव गावाने, आणि त्यातही गावातल्या बायकांनी, करायचा आणि पोलिसांनी तो पाळायचा, हे या दोन जिल्ह्यांत करून पाहायला हवं.